बोटींचे रिकामपणचे उद्योग

बोटीने सहलीला (आता तिला क्रूझ म्हणतात, त्यामुळे भाडे वाढते) जायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो कुठे जायचे हा. गेल्या एकशेऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाने क्वचितच दिले आहे. ते बोटीच्या मालकाने आधीच देऊन ठेवलेले असते. आपण फक्त माहितीपत्रकातल्या निळ्या पाण्याकडे बघत "आपणच निवडले हो!" असे म्हणायचे.

आमच्या घरात सध्या हाच वाद चालू आहे. सौभाग्यवतींना ग्रीसची बेटे हवीत. तिथली पांढरी घरे तिने कुठल्याशा सिनेमात पाहिली आहेत. चिरंजीवांना बहामा हवे, कारण तिथल्या बोटींवर म्हणे घसरगुंड्या असतात. आईने मत दिलेले नाही. आई गप्प असते ती मत नाही म्हणून नव्हे, कोणी विचारलेले नसते म्हणून. आणि मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. पैसा गुंतवण्यापूर्वी मागचे ताळेबंद बघावेत, हे माझ्या हाडीमाशी खिळलेले. तेव्हा एल.एफ.सी.चा अर्ज भरण्याआधी मी या धंद्याचे जुने ताळेबंद उघडले.

पहिली नोंद 1844 सालची. पी अँड ओ ही विलायती कंपनी सरकारी टपाल भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे पोचवीत असे. पत्रांबरोबर माणसेही नेली तर तेवढीच वरकड कमाई, या हिशेबाने तिने सहली सुरू केल्या. गाजावाजा व्हावा म्हणून थॅकरे या लेखकाला फुकट तिकीट दिले. हा गृहस्थ जन्माने कलकत्त्याचा, त्यामुळे फुकट मिळालेले नाकारू नये हा संस्कार त्याच्यावर झाला असावा. तो जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स करीत थेट कैरोपर्यंत गेला आणि 1846 साली त्याने प्रवासाचे पुस्तक काढले. पण ही गावे निवडली कोणी? थॅकरेने नव्हे. जिथे पत्रे जात होती, तिथे थॅकरे गेला. आजही ग्रीस म्हटले की आमच्या घरात डोळे चमकतात, त्यामागे एक टपालाचे कंत्राट आहे!

1867 साली मार्क ट्वेन अमेरिकेहून 'क्वेकर सिटी' बोटीने पॅलेस्टाइनपर्यंत गेला. तिकीट साडेबाराशे डॉलर, आणि ते भरले एका वर्तमानपत्राने. लेखकांनी स्वतःच्या पैशाने बोटीत बसण्याची प्रथा केव्हा पडली, ते मला या ताळेबंदांत कुठे सापडले नाही.

पण माझ्या मते या इतिहासाचा खरा नायक अल्बर्ट बालीन. हँबुर्ग-अमेरिका कंपनीचा हा माणूस आमच्या बँकेत असता तर मॅनेजर झाला असता. त्याची अडचण अशी : हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळतो, अमेरिकेला जाणारे गिऱ्हाईक आटते आणि 'ऑगस्टा व्हिक्टोरिया'सारखी नवी कोरी बोट धक्क्याला बांधून ठेवावी लागते. बोट बांधली म्हणून खर्च थोडाच थांबतो? तेव्हा 22 जानेवारी 1891 रोजी बालीनने 241 प्रवासी घेऊन ती भूमध्य समुद्रात धाडली, आणि स्वतःही तिच्यात बसला. (आमचे वरिष्ठ असे कधी आपल्याच योजनेत बसत नाहीत.) ही कल्पना इतकी फळली, की पुढे केवळ सहलींसाठी म्हणून एक बोट बांधली. ती 1906 साली जमैकाजवळ खडकावर चढली. पण धंदा बुडाला नाही.

पुढे अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी आली. मग परदेशी बोटी माणसांना सागरी हद्दीबाहेर नेत, हवे ते पाजत आणि परत आणून सोडत. कुठे जायचे? कुठेच नाही! मोरारजीभाईंचा काळ पाहिलेल्या मुंबईकराला या सहलीचे मर्म समजावून सांगायला नको.

1958 साली अटलांटिकवरून जेट विमाने उडू लागली आणि बोटी पुन्हा रिकाम्या पडल्या. 1966 मध्ये तर 'सनवर्ड' नावाची नवी बोट जिब्राल्टरच्या फेऱ्यांसाठी बांधली आणि नेमका त्याच सुमारास स्पेनच्या फ्रँकोने जिब्राल्टरची कोंडी केली. बोटीला काम नाही. तेवढ्यात मायामीला टेड अ‍ॅरिसन नावाच्या माणसाकडे प्रवासी होते आणि बोट नव्हती. झाली सोयरीक! डिसेंबरात 'सनवर्ड' मायामीहून बहामाच्या फेऱ्या मारू लागली. कॅरिबियन समुद्र जगाचे सहलीचे ठिकाण झाला त्याला तिथल्या वाळूइतकाच फ्रँकोही कारण आहे. 1977 साली तर त्याच कंपनीने बहामातले एक बेटच विकत घेतले. म्हणजे बोट त्यांची, जेवण त्यांचे, आणि उतरून हिंडायचे ते गावही त्यांचेच.

हे सगळे मी रात्री जेवताना सांगितले. चिरंजीव मोबाईलमध्ये होते. ही म्हणाली, "मग आपण जायचं कुठं ते सांगा."

मी म्हटले, "जिथे आपल्या सुट्टीत बोट रिकामी असेल तिथे. भूमध्यात जायचं तर उन्हाळ्यात, कॅरिबियनला हिवाळ्यात. आणि व्हिसा, विमान हे सगळं वाचवायचं, तर बॅलार्ड पियरवरून गोवा."

"गोव्याला काय, बसनं जाता येतं!" ही म्हणाली.

तेव्हा आईने पहिल्यांदा मान वर केली. आई विजयदुर्गची. लग्न होऊन ती कोकणच्या आगबोटीने मुंबईला आली. पडावातून बोटीवर चढली, डेकवर वळकटीला टेकून रात्रभर ओकली आणि पहाटे भाऊच्या धक्क्याला उतरली. त्या बोटी पुढे बंद झाल्या. तिचे पुढचे सगळे जाणे-येणे एस.टी.ने झाले. समुद्राकडून आपला किल्ला तिने त्या एका संध्याकाळी पाहिला, तोही पदराआडून, रडत.

"गोव्याची बोट," ती म्हणाली, "विजयदुर्गावरून दिवसा जाते की रात्री?"

मी एका ट्रॅव्हल कंपनीत चौकशी केली. तिथल्या मुलीने आधी बुफे, मग पोहण्याचा तलाव, मग कॅसिनो सांगितला. मी पुन्हा तेच विचारले. "सर, बाहेर अंधार असतो तेव्हा," ती म्हणाली, "पण आत शो असतो ना!"

आईला हे सांगितले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "परत येताना बघ. आणि खिडकीची खोली केवढ्याला पडते ते विचार."