नांगर मोडला तर सुतार कोणाचा? बलुतेदारीतील दुरुस्तीचा हिशेब

मृगाची पहिली सर पडून गेली आहे, पेरणी तोंडावर आली आहे आणि नेमके तेव्हाच पाभरीचे चाडे फुटले आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या देशावरील कुणब्याने अशा वेळी काय केले असते? त्याने भाव विचारला नसता, दुसरा सुतार शोधला नसता आणि पैसेही मोजले नसते. फुटका भाग उचलून तो गावच्या सुताराच्या दारात गेला असता आणि तो नीट करून घेऊन परतला असता. सुताराची मजुरी त्या दिवशी चुकती होत नसे. ती होई सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपात. त्या मजुरीचे नाव बलुते. हा धागा त्या व्यवहाराविषयी.

'बारा बलुतेदार' हा शब्द शाळेपासून परिचयाचा आहे. याद्या मात्र प्रांतोप्रांती बदलत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत दिलेली यादी विशेष बोलकी आहे, कारण तिच्यात नावांबरोबर मोबदलाही आहे. थोरली कास सुतार, लोहार, महार आणि मांग यांची. मधली कास कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी यांची. धाकटी कास भट, मुलाणा, गुरव आणि कोळी यांची. थोरल्या कासेतील तिघांना प्रत्येकी ४ पाचुंदे आणि महाराला ८, मधल्या कासेला ३, धाकटीला २. पाचुंदा म्हणजे ५ पेंढ्यांचा जुडगा. म्हणजे सुताराच्या वाट्याला २० पेंढ्या येत, तर भटाच्या वाट्याला १०.

पूजा सांगणारा तिसऱ्या ओळीत आणि फाळ ठोकणारा पहिल्या ओळीत, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु ही उतरंड प्रतिष्ठेची नव्हे, गरजेची आहे. ज्याच्यावाचून शेत अडते, त्याला अधिक पेंढ्या. प्रतिष्ठेची उतरंड वेगळी होती आणि ती पेंढ्यांनी बदलत नसे. सर्वांत मोठा वाटा ज्या महाराचा, त्याचीच वस्ती गावकुसाबाहेर होती.

आता कामाची व्याप्ती. बलुत्यात येई ती मुख्यतः शेतीच्या अवजारांची देखभाल. नांगराची हळस बदलणे, रुमणे बसवणे, जू तासणे ही सुताराची कामे. फाळ आणि कुळवाची फास पाजवणे हे लोहाराचे. बाभळीचे लाकूड किंवा लोखंड शेतकऱ्याने आणायचे, कारागिराने केवळ श्रम आणि हत्यारे द्यायची. नवी गाडी बांधणे, घराचे आढे-वासे चढवणे, दारे-चौकटी घडवणे यांसाठी वेगळा मोबदला ठरे. थोडक्यात, दुरुस्ती वर्षाच्या करारात आणि नवे बांधकाम कराराबाहेर. हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो आणि मग 'पूर्वी गावात सगळे फुकट होत असे' अशी समजूत रूढ होते. फुकट काहीच नव्हते. देणे सुगीपर्यंत लांबलेले होते, इतकेच. पीक बुडाले की बलुतेही बुडे. दुष्काळाचा भार कुणब्याइतकाच सुताराच्या चुलीवरही पडे.

हा सुतार नोकर कोणाचा, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये उत्तर भारतातील एका गावावरून 'जजमानी' पद्धतीचे वर्णन केले. तिथे कारागीर ठरावीक कुटुंबांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला असतो. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी कागद तपासून १९७२ मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला. महाराष्ट्रातील बलुतेदार कुटुंबाचा नव्हे, संपूर्ण गावाचा सेवक होता. तो बाळगत असे गाव आणि त्याचा हक्कही गावावर असे.

हक्क म्हणजे वतन. ते वारशाने मिळे, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. वतनदार परागंदा झाला तर गाव एखादा 'उपरी' कारागीर आणून बसवी. तो काम करी, बलुतेही घेई; वतन मात्र त्याचे होत नसे. मूळ घराण्याचा वंशज परतून आला की तंटा उभा राही आणि निवाड्यासाठी गोतसभेपर्यंत जाई.

इथे या व्यवस्थेची दुसरी बाजू उघड होते. हात कसबी असो वा नसो, वतन कायम. सुताराचे काम वाईट असले तरी कुणब्याला निवड नव्हती आणि कुणबी पेंढ्या देताना हात आखडत असला तरी सुताराला गाव सोडणे सोपे नव्हते. पुरोहिताच्या बाबतीत तर हा पेच न्यायालयात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्यशोधकांनी ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लावली, तेव्हा ग्रामजोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावे लावले. काम केले नाही, तरी हक्क आहे, असा तो युक्तिवाद.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ १९१५ चा. गावगाडा आतून पाहिलेल्या या लेखकाला त्याचे कौतुक फारसे नव्हते. वंशपरंपरेच्या हक्काने कारागिरी सुस्तावते आणि तिचा बोजा कुणब्यावर पडतो, असा त्यांचा रोख आहे. त्यांची काही मते आज खटकतात, विशेषतः जातींविषयीची; निरीक्षणे मात्र टाळता येत नाहीत.

त्याच सुमारास नांगरही बदलत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर बाजारात आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराला सुताराची हळस लागत नव्हती आणि तो रोख पैशाने विकत घ्यावा लागे.

बलुत्यातील सर्वांत जड साखळी मात्र सुताराची नव्हती. महाराचे काम कोणते, याला मर्यादाच नव्हती: सांगावे पोचवणे, सरकारी अंमलदारांची सरबराई, मेलेली जनावरे ओढणे, दिवसरात्र हाकेला हजर राहणे. २० पेंढ्यांच्या सुताराला नवी गाडी बांधण्याचे वेगळे दाम मागता येई. ४० पेंढ्यांच्या महाराला कामाची हद्दच आखता येत नसे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते ही बांधिलकी तोडण्यासाठी. ते संमत झाले नाही.

पुढे १९५३ च्या मुंबई कायद्याने गावोपयोगी सेवा इनामे रद्द झाली. महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. दया पवारांचे आत्मकथन त्यानंतर वीस वर्षांनी, १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'बलुतं'.