धक्क्याचा बंदोबस्त

रस्त्यावर रोज चालवायच्या स्पोर्ट्‌स मोटारीचे मूळचे शॉक ॲब्सॉर्बर काढून त्यांच्या जागी पेच फिरवून कमीजास्त कसता येणारा बाजारातला संच बसवावा, असे ज्याच्या मनात येते तो गृहस्थ दुकानाची पायरी चढताच बहुधा पहिला प्रश्न विचारतो, तो पेचाला टप्पे किती आहेत हा; सोळा असले तर बरे आणि बत्तीस असले तर त्याहून बरे, अशी त्याची समजूत असते. या समजुतीबद्दल मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही, कारण जाहिरातींनी ती वर्षानुवर्षे जोपासली आहे. पण हा पेच मोटारीच्या अंगी मुळात कशासाठी आला, याची हकीकत पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की मालकाची आवड पुरवणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता. झिजणाऱ्या वस्तूची झीज भरून काढावी, एवढ्याच कामावर त्याची नेमणूक झाली होती, आणि आवडीचा प्रांत त्याच्या अमलाखाली आला तो पुष्कळ पुढे. खरेदीला निघालेल्या माणसाने हा क्रम ध्यानी घेतला, तर त्याचे पैसे आणि कंबर दोन्ही वाचतील असे मला मनापासून वाटते.

घोडागाडीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. 1804 च्या सुमारास लंडनच्या ओबाडिया एलियट याने पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानींची सनद मिळवली, आणि तेव्हापासून गाडीचा साटा आसावर थेट न टेकता या कमानींवर तरंगू लागला. पाट्यांच्या या कमानीत एक गुण आपोआपच आलेला होता: वाकताना आणि सरळ होताना एकावर एक रचलेले पाटे परस्परांवर घासत, आणि त्या घासणुकीतच हेलकाव्याचा पुष्कळसा जोर जिरून जाई. धक्का सोसणे आणि हेलकावा शमवणे ही वस्तुतः दोन निराळी कामे; पाटे ती दोन्ही करीत असल्यामुळे ती निराळी आहेत हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण पडले नाही. आजही आपण ज्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतो तो धक्का शोषत नाही, धक्का स्प्रिंग घेते. तो घेतल्यावर ती जी नाचत सुटते, तिला आवर घालण्याचे काम याचे. नावातला हा घोळ अद्याप तसाच चालू आहे, आणि निवडीतल्या निम्म्या चुका त्याच्यातूनच उपजतात.

घोड्याच्या चालीला पुरेशी असलेली ही घासणूक मोटारीच्या वेगाला पुरेना. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने यावर तोड काढली, आणि एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकनाने ती आपल्या देशात नेऊन तिचा कारखाना घातला. रचना इतकी उघडी की एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही: कात्रीसारखे दोन दांडे, एकाचे टोक मोटारीच्या सांगाड्याला, दुसऱ्याचे आसाला, आणि जिथे ते मिळतात तिथे चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या धातूच्या चकत्यांमध्ये दाबून बसवलेल्या, मधून एक बोल्ट, त्यावर एक नट. नट आवळला की चकत्या घट्ट, सैल केला की ढिल्या. चकत्या झिजत, पावसाच्या पाण्याने नि तेलाच्या शिंतोड्यांनी बिघडत, आणि म्हणून दर काही दिवसांनी पाना घेऊन त्यांचा समाचार घ्यावाच लागे. कसता येण्याजोग्या सस्पेन्शनचा हा पहिला नमुना. ती कसणी म्हणजे कर्तव्य होते, चैन नव्हे.

या घर्षणाच्या यंत्रात एक जन्मजात खोट होती, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कोणतीही दोन पृष्ठे एकमेकांवर सरकायला निघतात तेव्हा पहिल्या क्षणी त्यांचा विरोध सर्वांत मोठा असतो, आणि एकदा सरकू लागली की तो उतरतो. त्यामुळे रस्त्यावरच्या बारीक खडबडीला, जिथे नरमाई हवी, तिथे हे यंत्र दगडासारखे ताठ राही, आणि मोठ्या उसळीला, जिथे ताठरपणा हवा, तिथे त्याचा विरोध त्या मानाने कमी पडे. म्हणजे न्याय नेमका उलटा. नट आवळून मोठी उसळी आवरावी तर बारीक खडी हाडांत शिरे. यावर उपाय म्हणून 1930 नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये आंद्रे यांचे ‘टेलिकंट्रोल’ निघाले, ज्यात चालकाने समोरच्या फळीवरची मूठ फिरवली की नळ्यांतल्या द्रवाचा दाब चकत्यांवर पडे. म्हणजे गावातून जाताना सैल आणि मोकळ्या सडकेवर घट्ट, अशी मुखत्यारी चालकाच्या हाती आली. त्याच दशकात डर्बी येथे तयार होणाऱ्या बेंटली मोटारींच्या सुकाणूच्या चक्रावरच अशा कामाची छोटी दांडी बसू लागली, आणि पुढे 1963 च्या ॲस्टन मार्टिन डीबी 5 मध्येही आर्मस्ट्राँग कंपनीचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर चालकाच्या आसनावरून बदलता येत. झिजेच्या दुरुस्तीतून आवडीची वाट फुटली ती इथे.

खोटीवरचा खरा उपाय मात्र चकत्यांत नव्हता, तेलात होता. मॉरिस उदाय या फ्रेंचाने हवाबंद डबीत तेल भरून त्यात फिरणारे पाते बसवले. बारीक छिद्रातून तेल हळू ढकलले तर ते सहज जाते आणि जोराने ढकलले तर अडते, एवढ्या एका गुणावर घर्षणाचा उलटा न्याय सुलटा झाला. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीवर या जातीचे शॉक ॲब्सॉर्बर होते, आणि फेरारीने तर 1950 नंतरच्या दशकातही ते सोडले नव्हते. इंग्रजांच्या छोट्या स्पोर्ट्‌स मोटारींत हे दांडीवाले घराणे आणखी टिकले: 1962 ते 1980 पर्यंत निघालेल्या एमजीबीत पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरची दांडी हीच चाकाला धरून ठेवणारी वरची भुजा असे, त्यामुळे तो झिजला की चाकच डळमळू लागे.

तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर मोटारींवर रुळत होते त्या सुरुवातीच्या काळातच मॉरिस ओली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये गेला, आणि तिथे त्याने एका लांबलचक मोटारीवर पुढेमागे सरकवता येतील अशी वजने बसवून ती रस्त्यावर फिरवली. त्याचा निष्कर्ष असा की पुढच्या स्प्रिंगांचे आंदोलन मागच्यांपेक्षा थोडे मंद असावे. खड्डा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना क्षणभराने, आणि मागची बाजू जराशी घाईने डोलली तर दोघींचा मेळ लवकर बसून मोटार सपाट राहते, एरवी ती घोड्यासारखी झुलत जाते. बाजारातल्या कित्येक संचांत पुढची स्प्रिंग मागचीच्या मानाने अतोनात कठीण असते. अशी मोटार पेच कसा फिरवला तरी सुधरत नाही, कारण तक्रार पेचाच्या कक्षेत येतच नाही.

आता कोनी या शॉक ॲब्सॉर्बरबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सगळ्या व्यवसायात मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी वस्तू ती आहे. नेदरलंड्‌समधल्या आउड-बाइयरलांड या गावी 1857 साली द कोनिंग नावाच्या माणसाने घोड्यांच्या साजाचे दुकान घातले. घोडे गेले, साज गेला, पण दुकान गेले नाही, आणि 1932 साली त्याच घराण्याने शॉक ॲब्सॉर्बर करायला घेतले. त्यांच्या नळीच्या आकाराच्या शॉक ॲब्सॉर्बरला बाहेर कुठे मूठ नसे. तो मोटारीवरून सोडवायचा, उभा धरून खालचे टोक शिकंजात पकडायचे, वरचा दांडा तळापर्यंत दाबायचा, आणि दाबूनच हलक्या हाताने फिरवीत राहायचे. आतल्या झडपेच्या नटाच्या खाचा सापडल्या की हाताला बारीकशी पकड जाणवते. मग डावीकडे अखेरपर्यंत फिरवून शून्य गाठायचे आणि तिथून उजवीकडे अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने कसायचे. ही खटपट इतकी की रोज कोणी करणार नाही, आणि रोज करावी अशी योजनाही नव्हती. काही हजार मैलांनी आतली झडप सैलावली की अर्धा फेरा कसून ती पूर्ववत करावी आणि तीच वस्तू पुन्हा वर्षानुवर्षे वापरावी, असा त्यामागचा हिशेब. शिवाय हा पेच स्प्रिंग उलगडतानाचा विरोध तेवढा बदलतो, दबतानाचा नाही. चाक उंचवट्यावर चढताना बसणारा दणका तो वाढवू शकत नाही. रस्त्यावरच्या मोटारीपुरती ही मर्यादा मला दोष वाटत नाही, उलट तिच्यात मालकाचे संरक्षण दिसते.

द कार्बों या फ्रेंच संशोधकाने एकाच नळीत तेल आणि दाबलेला वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या बसवून तेलाला फेस येण्याची व्याधी दूर केली, आणि जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने 1957 मध्ये ती रचना मर्सिडीझवर आणली. तिला पेच नव्हता. ज्यांनी झडपा नेमक्या बसवल्या त्यांना मालकाच्या हाती पान्याची गरज भासली नाही, ही गोष्टही दप्तरी नोंदवून ठेवावी.

उंची कमीजास्त करण्याचे वेड मात्र वेगळ्या घरातून आले. 1950 साली फोर्डच्या इंग्लंडमधील कॉन्सल मोटारीत अर्ल मॅकफर्सनची रचना आली, ज्यात स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात सामावले. शर्यतीच्या मोटारींत नळीवर आटे पाडून त्यावर चढउतार करणारी कडी बसवीत, चारही चाकांवरचा भार तोलण्यासाठी. तीच आट्यांची नळी पुढे रस्त्यावरच्या मोटारीला लागली आणि तिचा उपयोग मुख्यतः मोटार खाली बसवण्यासाठी होऊ लागला. जपानात घाटरस्त्यांवर रात्री मोटारी हाकणाऱ्या तरुणांनी या वस्तूचा प्रसार केला. 1995 मध्ये तिथल्या सरकारने अशा सुट्या भागांवरचे निर्बंध पुष्कळसे सैल केले, मात्र जमिनीपासून 9 सेंटिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे हा दंडक कायम ठेवला. जर्मनीत प्रत्येक संचाला तपासणीचा दाखला लागतो, आणि त्या शिस्तीतूनच तिथले नामांकित कारखाने वाढले. खाली बसवलेल्या मोटारीचे रूप डोळ्यांना सुखावते हे मी नाकारीत नाही. पण मॅकफर्सनच्या खांबाची मोटार फार खाली आणली की खालची भुजा उलटी कलते, वळणावर मोटार कमी कलायची ती जास्त कलते, आणि स्प्रिंगला दबायला जागा न उरल्यामुळे शेवटचा रबरी ठोकळाच स्प्रिंगचे काम करू लागतो. मग लोक आणखी कठीण स्प्रिंग मागवतात.

आपल्याकडे हा उद्योग मुंबईच्या मुलुंडमध्ये 1961 साली गॅब्रिएल इंडियाच्या स्थापनेने रुजला, आणि रस्त्यावरच्या असंख्य वाहनांखाली आज इथलाच माल आहे. कसता येणारे परदेशी संच मात्र जकात भरून येतात. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निर्णय पाहता, मूळ नोंदीपासून वाहन दूर नेणारा कोणताही फेरफार करण्याआधी आरटीओच्या दारी चौकशी करणे मालकाच्याच हिताचे आहे.

पुण्यातल्या एका गॅरेजात काही वर्षांपूर्वी मी एक जुनी जर्मन मोटार पाहिली. मालकाने चारही कोनी पुरते आवळून आणले होते, कारण महाग वस्तू पुरती वापरावी असे त्यांना वाटे, आणि आता कात्रज घाट ओलांडताना मोटार रस्त्याला धरत नाही, उडते, अशी त्यांची कैफियत होती. वयस्क मेस्त्रींनी काही न बोलता चारही सोडवले, शिकंजात धरून शून्यावर आणले आणि पुन्हा चढवले. “साहेब, आधी अशीच चालवून या,” ते म्हणाले, “मग कुठे नाचते ते सांगा.” मालक परत आले, मागची बाजू डोलते, म्हणाले. मेस्त्रींनी मागचे दोन अर्धा फेरा कसले आणि खिशातल्या वहीत शिसपेन्सिलीने मोटारीचा क्रमांक, तारीख आणि ‘मागे अर्धा’ एवढे लिहिले. दुसऱ्या फेरीनंतर पुढचेही अर्धा फेरा कसले गेले. तिसऱ्या फेरीहून मालक आले ते काही न सांगता नुसतेच हसत उभे राहिले, आणि मेस्त्रींनी वही मिटली.