क्लिंगॉन भाषेतील परग्रहवासी व त्यांच्या ग्रहांची नावे

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथामालेतील क्लिंगॉन या लढवय्या जमातीसाठी जी भाषा रचण्यात आली, तिच्यात इतर परग्रहवासीयांना आणि त्यांच्या मूळ ग्रहांना दिलेली नावे. कथेसाठी रचलेल्या भाषांत अशी नावे बहुधा कानाला चमत्कारिक लागतील अशी जुळवून मोकळे होतात. क्लिंगॉनमध्ये मात्र प्रत्येक नाव त्या भाषेच्या उच्चारनियमांतून आणि शब्दघडणीतून गेलेले दिसते. म्हणूनच ती मुद्दाम अभ्यासावीत.

क्लिंगॉन लोक पडद्यावर आले ते 1967 साली, पण तेव्हा त्यांची भाषा नव्हती. 1979 च्या चित्रपटासाठी अभिनेते जेम्स डूहन यांनी काही शब्द तयार केले. पुढे 1984 च्या ‘स्टार ट्रेक 3’ साठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ऑक्रंड यांनी ती भाषा पूर्णपणे रचली आणि 1985 मध्ये तिचा शब्दकोश प्रसिद्ध केला. ऑक्रंड यांचा पीएच.डी.चा प्रबंध कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर होता. भाषा कशी श्वास घेते हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होते, आणि त्यांच्या नामकरणात ते जागोजागी जाणवते.

या नोंदीत क़ म्हणजे जिभेचे मूळ पडजिभेला टेकवून काढलेला ‘क’, क़्ख़ म्हणजे त्याच जागी सुरू होऊन खरखरत सुटणारा वर्ण, ख़ म्हणजे घशातला घर्षक आणि ’ म्हणजे घसा क्षणभर बंद होऊन बसणारा झटका. क्लिंगॉनमध्ये ड आणि ष हे मूर्धन्य वर्णही आहेत. इंग्रजी वाचकाला त्यांसाठी जीभ मागे वळवायला शिकवावे लागते. आपल्या वर्णमालेत ते आयतेच आहेत, जरी ‘ष’ आज बहुतेकांच्या तोंडी ‘श’ झाला असला तरी.

ऑक्रंड यांच्यापुढची पहिली अडचण जमातीच्या नावाचीच होती. ‘क्लिंगॉन’ हे नाव पटकथालेखकांनी आधीच रूढ केले होते, आणि नव्या भाषेत तर साधा ‘क’च ठेवलेला नव्हता. त्यांनी जमातीचे स्वतःचे नाव ‘त्लिङान’ ठरवले. त्यातला पहिला वर्ण जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोडून काढायचा. परक्या कानाला तो ‘क्ल’सारखा भासतो. म्हणजे इंग्रजी नाव हे मूळ नावाचे ऐकीव रूप ठरले. ठाण्याचे ‘टाना’ किंवा पुण्याचे ‘पूना’ जसे झाले तसेच. फरक एवढाच की इथे अपभ्रंश आधी जन्मला आणि मूळ शब्द मागाहून.

ग्रहाच्या नावाबाबतही तसेच झाले. 1988 च्या एका भागात ‘क्लिंग’ असे नाव उच्चारले गेले होते, ते पुढे मागे पडले. 1991 च्या ‘स्टार ट्रेक 6’ मध्ये ‘क्रोनोस’ ऐकू आले आणि त्याचे क्लिंगॉन रूप ‘क़्ख़ो’नोष’ मानले गेले. आरंभीचा खरखरीत वर्ण परक्या कानाला ‘क्र’ वाटतो, हे त्याचे स्पष्टीकरण. क्लिंगॉनमध्ये ‘क़ो’’ म्हणजे जग, आणि ‘जुख़’ म्हणजे घर. दोन्ही मिळून ‘जुख़क़ो’’, मूळ ग्रह. पण ग्रहाच्या नावातला पहिला वर्ण खरखरीत आहे, आणि ‘क़्ख़ो’’ असा सुटा उच्चार केला तर अर्थ होतो, “नाही, मी करणार नाही!” त्यामुळे ग्रहाच्या नावात ‘जग’ शोधण्याचा मोह आवरलेला बरा.

इतरांच्या नावांत स्थळ आधी येते आणि माणूस त्यावरून ठरतो. ‘ङान’ म्हणजे रहिवासी. वुल्क़ान हा ग्रह, तिथला तो वुल्क़ानङान, रोमुलुषचा रोमुलुषङान, कार्डेशिया म्हणजे क़ारडाष, तिथला क़ारडाषङान. पृथ्वी ही तेरा’, आणि आपण तेरा’ङान. नागपूरकर किंवा सातारकर म्हणताना आपण जे करतो तेच हे. क्लिंगॉनमध्ये शब्द स्वराने सुरू होत नाही, त्यामुळे ऑर्गेनिया ग्रहाच्या नावाआधी झटका बसतो: ’ओर्घेन्या’. माणसाला ‘ख़ुमान’ हा वेगळा शब्दही आहे. त्यात जातीचा बोध होतो, तर तेरा’ङानमध्ये गावाचा.

सर्वांत बोलके नाव फेरेंगी या व्यापारी जमातीचे. 1987 साली मालिकेत आलेले हे नाव फारसी-अरबीतील ‘फरंगी’वरून घेतलेले आहे, आणि तो शब्द मराठीत ‘फिरंगी’ म्हणून शतकानुशतके नांदतो आहे. क्लिंगॉनमध्ये ‘फ’ नाही. त्यामुळे फेरेंगीचा ‘वेरेङान’ झाला: ‘फ’च्या जागी ‘व’, आणि शेवट थेट ‘ङान’च्या वळणावर. पोर्तुगीजांच्या तोंडून आलेल्या नावांचे आपण ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ केले, तेही याच सहजतेने. परके नाव आपल्या जिभेला सोसेल असे वाकवून घेणे हे भाषा जिवंत असल्याचे लक्षण आहे, आणि रचलेल्या भाषेत ते जपणे हे ऑक्रंड यांचे मोठे काम मानले पाहिजे.

नावाचे अनेकवचन करताना क्लिंगॉन आणखी एक निवाडा देते. बोलू शकणाऱ्यांना ‘पु’’ हा प्रत्यय लागतो, शरीराच्या अवयवांना ‘डु’’ आणि उरलेल्या सगळ्यांना ‘मेय’. रोमुलसचे लोक कितीही कट्टर शत्रू असले तरी रोमुलुषङानपु’ असेच होते. व्याकरण त्यांचे बोलणे नाकारत नाही. उलट 1967 च्या एका गाजलेल्या भागातले ट्रिबल नावाचे केसाळ, घुरघुरणारे गोळे, क्लिंगॉनमध्ये ‘यिख़’, हे नेहमी यिख़मेयच. बोलणाऱ्यांना कधी ‘मेय’ लावला तर अर्थ होतो इकडेतिकडे पसरलेले: पुक़पु’ म्हणजे मुले, आणि पुक़मेय म्हणजे घरभर विखुरलेली मुले.