टर्बोचार्ज्ड मोटार इंजिनातील इग्निशन कॉइलचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारगाडीच्या इतिहासलेखनात टर्बोचार्जरला जे स्थान मिळाले, ते इग्निशन कॉइलला मिळालेले नाही. पेट्रोल इंजिनात दाबले गेलेले हवा व इंधन यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेट घेते. त्या ठिणगीसाठी बॅटरीचा १२ व्होल्टचा विद्युतदाब हजारो व्होल्टपर्यंत वाढविण्याचे कार्य कॉइल करते. टर्बोचार्जरने सिलिंडरमध्ये जितकी अधिक हवा भरली, तितके ठिणगी पडणे कठीण झाले. या ताणातून कॉइलच्या रचनेत कोणते बदल घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

महाविद्यालयातून मोटारीकडे :
आयर्लंडमधील मेनूथ येथील महाविद्यालयात अध्यापन करणारे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये प्रवर्तन कॉइल तयार केली. पुढे १८५१ मध्ये पॅरिस येथील यंत्रनिर्माते हाइनरिख रूमकॉर्फ यांनी तिचे सुधारित रूप प्रचारात आणले. कॉइल रूमकॉर्फ यांच्या नावाने ओळखली गेली आणि कॅलन यांचे श्रेय दीर्घकाळ झाकोळले. एतिएन लेन्वार यांनी १८६० च्या आपल्या वायू-इंजिनात हीच कॉइल योजली. त्यानंतर १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारींसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धती विकसित केली. एक कॉइल आणि तिची ठिणगी प्रत्येक सिलिंडरकडे पाळीपाळीने पोहोचविणारा डिस्ट्रिब्युटर ही रचना पुढे अनेक दशके रूढ राहिली.

दाब आणि ठिणगी :
जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये असे दाखविले की, दोन विद्युदग्रांमध्ये ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि विद्युदग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. इंजिनातील परिस्थितीत हा गुणाकार वाढला की अधिक विद्युतदाब लागतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. तथापि ओल्डस्मोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बोचार्ज्ड प्रवासी मोटारी १९६२ मध्ये बाजारात आल्या. साब ९९ टर्बो १९७७ मध्ये सादर झाली आणि दैनंदिन वापराच्या मोटारीत हे तंत्र रुजू लागले.

येथे दुसरी अडचण वेळेची होती. चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनास मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. एकाच कॉइलला दोन ठिणग्यांमध्ये केवळ ५ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तिच्यात पुरेशी ऊर्जा साठली नाही, तर ठिणगी दुर्बल होते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल दिल्यास हाच अवधी २० मिलिसेकंद होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस साब ९००० मध्ये आलेल्या थेट प्रज्वलन पद्धतीने डिस्ट्रिब्युटर काढून कॉइल थेट स्पार्क प्लगवर बसविल्या. १९९० च्या दशकात साबच्या ट्रायॉनिक प्रणालीने स्पार्क प्लगमधून वाहणारा आयन-प्रवाह मोजून इंजिनातील ठोके ओळखले. अशा रीतीने ठिणगी देणारा भाग ज्वलनाची वार्ता देणाराही ठरला.

सुधारित कॉइलचा प्रश्न :
इंजिनाचा टर्बोदाब मूळ मर्यादेपेक्षा वाढविणाऱ्या हौशी मोटारधारकांत अधिक क्षमतेची कॉइल बसविण्याची प्रथा रूढ झाली. फोक्सवॅगन समूहाच्या १.८ लिटर टर्बो इंजिनांत त्याच समूहाच्या नंतरच्या इंजिनांची कॉइल बसविणे हे तिचे परिचित उदाहरण होय. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मिश्रण योग्य रीतीने पेटत असेल, तर सशक्त कॉइल शक्तीत उल्लेखनीय भर घालत नाही. ठिणगी चुकल्यामुळे गमावलेली शक्ती तेवढी ती परत मिळवून देते. स्पार्क प्लगमधील अंतर किंचित कमी करूनही पुष्कळदा हाच हेतू साधतो. उलट, कॉइलला प्रमाणाबाहेर काळ विद्युतप्रवाह दिल्यास ती तापून निकामी होते. ठिणगी चुकली तर न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन तोही खराब होऊ शकतो.

समारोप :
कॉइलचा इतिहास हा स्वतंत्र शोधांचा नसून इंजिनातील वाढत्या दाबाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. टर्बोचार्जरने मागणी निर्माण केली आणि कॉइलने ती पूर्ण केली. परंतु श्रेय मुख्यतः पहिल्याच्या वाट्याला आले. कॅलन यांच्या बाबतीत जे घडले, तेच त्यांच्या शोधाच्याही बाबतीत घडले. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकविताना अशा अदृश्य घटकांची दखल घेतली, तरच विकासाची खरी कारणपरंपरा विद्यार्थ्यांपुढे येईल.