पत्ता वापरात आहे!

सोलापूरच्या अशोक चौकातली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ साली सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कले विद्यापीठाने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली आणि नेटवर्कवर जोडणी उघडणारं सॉकेट सर्वांच्या हाती आलं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण आज सोलापुरात एखादा विद्यार्थी सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बदलून तो पुन्हा चालवतो, तेव्हा स्क्रीनवर उमटणारं ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ हे त्या बर्कलेचंच देणं असतं.

सर्व्हर तर बंद केला, मग पत्ता अडवून बसलंय कोण?

याचं उत्तर आणखी दोन वर्षं मागे, सप्टेंबर १९८१ च्या टीसीपी या जोडणीच्या नियमावलीत आहे. फोन आधी ठेवणाऱ्याने थोडा वेळ जागेवरच थांबावं, तसा तो नियम: जोडणी जो आधी तोडतो, त्याच्याकडे तिची नोंद काही काळ राहते. वाटेत रेंगाळलेलं एखादं पॅकेट नव्या जोडणीत घुसू नये, म्हणून ही खबरदारी. नियमावलीने हा काळ चार मिनिटांचा धरला होता. लिनक्समध्ये तो एक मिनिट आहे. बर्कलेवाल्यांनी त्यावर तोडही ठेवली होती. सॉकेट तयार केल्यावर, पण बाइंड करण्याआधी, ‘एसओ रीयूजॲडर’ हा पर्याय लावायचा. बाइंडनंतर लावला तर उपयोग शून्य. आणि नेमकी हीच चूक पुन्हा पुन्हा होते.

भारतात हे ज्ञान मुंबईतही रुजलं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या नेटवर्क प्रकल्पात जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी होती. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी या कामाचे एक प्रमुख शिल्पकार. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्याच वर्षी अमेरिकेत काही वेबमास्टरांनी एनसीएसएच्या सर्व्हरला ठिगळं लावत अपाचे उभा केला. दुसऱ्याचा सर्व्हर उघडून दुरुस्त करणं हा उजळ माथ्याचा धंदा आहे.

या धंद्यातले आजार मोजकेच आहेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुतेक वेळा पलीकडचं यंत्र जागं आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. तिथे फायरवॉलवर संशय घ्यावा. ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की पोर्टचा आकडा बघावा, कारण १०२४ च्या खालचे पोर्ट रूटसाठी राखून ठेवण्याची चाल युनिक्समध्ये जुनी आहे.

‘टू मेनी ओपन फाइल्स’ मात्र खरा छुपा रुस्तम. बदल करताना मधेच एक नवा ‘रिटर्न’ घातला जातो आणि त्या वाटेवर सॉकेट बंद करायचं राहून जातं. चाचणीत काहीच दिसत नाही. गर्दी वाढली की सर्व्हर नवी जोडणी घेईनासा होतो. म्हणून आधी ‘एलएसओएफ’ या आज्ञेने उघडी सॉकेट मोजावीत. शिवाय कुठलाही कॉल फसला की त्याच्या त्रुटीचा क्रमांक बाजूला ठेवण्याआधी लॉग लिहू नये. लॉग लिहिण्याच्या भानगडीत तो क्रमांकच पुसला जाऊ शकतो.

आणि लिनक्सवर ‘टीसीपी फिन टाइमआउट’ कमी करून पत्ता अडवणारं ते एक मिनिट वाचवू पाहणाऱ्यांनी तो नाद सोडावा. ती सेटिंग वेगळ्याच अवस्थेची आहे. हे एक मिनिट कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेलं आहे.