घसादुखी आणि घटसर्प : एका विसरलेल्या आजाराचा इतिहास

घसा दुखतो म्हणून तुम्ही दवाखान्यात जाता, तेव्हा डॉक्टर टॉर्च लावून 'आ करा' म्हणतात. बहुतेक वेळा आत फक्त लाली किंवा सूज दिसते. पण टॉन्सिलवर राखाडी, चिवट पडदा दिसला तर डॉक्टरांना लगेच घटसर्पाची, म्हणजे डिप्थेरियाची शंका येते. हा पडदा काढायला गेल्यास खालून रक्त येते.

आजाराला नाव मिळाले

फ्रान्समधील डॉक्टर पिएर ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये या आजाराला नाव दिले. ग्रीक भाषेतील 'कातडे' या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले होते, कारण घशातला पडदा कातड्यासारखाच दिसतो. हा पडदा पसरला की मुलाचा श्वास कोंडतो. त्यामुळे गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडणे, एवढाच मार्ग उरत असे.

राजवाडेही यातून सुटले नाहीत. १८७८ साली राणी व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस हिच्या जर्मनीतील घरात घटसर्प शिरला. तिची चार वर्षांची मुलगी आधी गेली आणि १४ डिसेंबरला स्वतः ॲलिसही गेली. तेव्हा ती ३५ वर्षांची होती.

जंतू घशात, विष रक्तात

१८८४ मध्ये लोफलर यांनी या आजाराचे जंतू प्रयोगशाळेत वाढवले. पण एक कोडे होते. जंतू घशातच राहतात, मग हृदय आणि नसा का बिघडतात? १८८८ मध्ये पॅरिसमध्ये रू आणि येर्सिन यांनी उत्तर शोधले. जंतू गाळून काढलेला द्रवही प्राण्यांना मारत होता. म्हणजे जंतू विष तयार करतात आणि ते रक्तातून शरीरभर पसरते.

मग विषावर उतारा शोधणे आले. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी दाखवले, की थोडे थोडे विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात विषाला निकामी करणारा घटक तयार होतो. पुढे घोड्यांपासून ही प्रतिविष लस मोठ्या प्रमाणावर बनू लागली. पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात घटसर्पाची सुमारे निम्मी मुले दगावत. १८९४ मध्ये हे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आले. बेरिंग यांना १९०१ चे, म्हणजे वैद्यकशास्त्राचे पहिलेच, नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हा उतारा लवकर द्यावा लागतो. पेशींत शिरलेले विष त्याने परत निघत नाही. म्हणूनच १९२५ मध्ये अलास्कातील नोम गावात साथ आली, तेव्हा २० चालकांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून हे औषध बर्फातून सुमारे १,०८५ किलोमीटर, साडेपाच दिवसांत पोहोचवले.

आजार होऊच नये म्हणून

१९२३ मध्ये फ्रान्सच्या रामों यांनी विष निरुपद्रवी करून त्यापासून लस बनवण्याची पद्धत शोधली. आपल्याकडे १९७८ पासून राष्ट्रीय लसीकरणात त्रिगुणी लस आली. आज बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून हेच संरक्षण मिळते.

इथेच अनेक घरांत गफलत होते. लसीचे संरक्षण काळानुसार कमी होते, म्हणून दीड वर्षाच्या सुमारास आणि ५-६ वर्षांना बूस्टर, तर १० व १६ वर्षांना टीडीचे इंजेक्शन द्यायचे असते. पहिले तीन डोस सगळे लक्षात ठेवतात, पुढचे राहून जातात. भारतात घटसर्प अजून संपलेला नाही आणि तो आता शाळकरी मुलांमध्येही आढळतो.

घसा दुखला तर काय करावे?

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आठवडाभरात बरी होते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, विश्रांती आणि गरजेनुसार पॅरासिटामॉल पुरते. एक वर्षावरील मुलांना मध चालतो. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. डॉक्टरांनी दिले तर कोर्स पूर्ण करा.

पण श्वास घेताना त्रास, लाळही गिळता न येणे, घशात पडदा किंवा मान खूप सुजणे, यापैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, शक्यतो लगेच, रुग्णालय गाठा.

आणि आज एक काम करा. मुलांचे लसीकरण कार्ड काढून पाचव्या वर्षापुढचे रकाने भरलेले आहेत का, ते बघा. एखादा रिकामा असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. राहिलेला डोस उशिरा घेता येतो.