निबंधात लिहिले, तेच झाले

'मी मोठेपणी कोण होणार' हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिला आहे. कोणी वहीत डॉक्टर झाले, कोणी सैनिक, आणि उरलेल्यांनी शेजाऱ्याच्या वहीत डोकावून जमेल ते लिहिले. निबंधातले पुढे किती जणांनी खरे केले, हा हिशेब या मेळाव्यात मांडायला हरकत नाही. मला मात्र या विषयावर न्यूयॉर्कमधला एक आठ वर्षांचा मुलगा आठवतो. शाळेतल्या सिस्टरना त्याने लिहून दिले होते, की मला खेळांचा समालोचक व्हायचे आहे. आणि तो झालाही. तेही 67 हंगाम, एकाच संघासाठी!

विन स्कली यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1927 चा. त्यांच्या घरी चार पायांचा मोठा रेडिओ होता. छोटा विन उशी घेऊन त्याच्याखाली सरपटत जायचा आणि लाउडस्पीकरच्या अगदी खाली डोके ठेवून पडून राहायचा. कोण जिंकले याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसे. प्रेक्षकांच्या गर्जनेने मात्र त्याच्या अंगावर काटा येई. 2 ऑक्टोबर 1936 रोजी शाळेतून घरी येताना एका लाँड्रीच्या काचेवर त्याला बेसबॉलच्या अजिंक्यपद सामन्याचा धावफलक दिसला : यांकीज 18, जायंट्स 4. हरलेल्यांची त्याला इतकी कणव आली, की तो जायंट्सचा भक्त झाला.

फोर्डहॅम विद्यापीठातून बाहेर पडल्यावर 1949 मध्ये प्रसिद्ध समालोचक रेड बार्बर यांनी त्यांना बॉस्टनला एका फुटबॉल सामन्यासाठी पाठवले. बसायला खोली मिळेल या समजुतीने स्कली कोट आणि हातमोजे हॉटेलातच ठेवून गेले. प्रत्यक्षात जागा मिळाली ती स्टेडियमच्या छपरावर! कडाक्याच्या थंडीत, हातात माइक आणि लांबलचक केबल घेऊन त्यांनी पूर्ण सामना सांगितला. आपल्या हालांबद्दल अवाक्षर काढले नाही. बार्बरना हे नंतर दुसऱ्यांकडून कळले. पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, ब्रुकलिन डॉजर्सच्या समालोचन कक्षात स्कली त्यांच्या शेजारी बसले.

बार्बर कडक गुरू होते. इतर समालोचकांना ऐकू नकोस, तुझ्यापाशी जे आहे ते दुसऱ्या कोणापाशी नाही, ही त्यांची शिकवण स्कलींनी जन्मभर सांगितली. 1953 मध्ये मानधनावरून बार्बरनी अजिंक्यपद मालिकेचे काम नाकारले, तेव्हा ते पंचवीस वर्षांच्या स्कलींकडे आले. 1955 मध्ये डॉजर्स पहिल्यांदा जगज्जेते झाले. स्कलींनी एका वाक्यात तेवढे सांगितले आणि ते गप्प बसले. आणखी एक शब्द बोललो असतो तर रडू कोसळले असते, असे ते नंतर म्हणत.

1958 मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला. तिथले कोलिसियम इतके अवाढव्य, की मागच्या रांगांतून मैदानावरचे खेळाडू ठिपक्यांसारखे दिसत. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. समोर सामना चाललेला, आणि कानाला मात्र स्कली! 1960 मध्ये त्यांनी रेडिओवरून सुचवले, की आज एका पंचांचा वाढदिवस आहे, तीन म्हणताच सगळ्यांनी शुभेच्छा द्या. हजारो कंठांतून एकदम घोष उठला आणि मैदानावरचे पंच चकित झाले. आपल्याकडे बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने ज्यांना घरबसल्या मैदानात नेले, त्यांना ही जवळीक वेगळी समजावून सांगायला नको.

9 सप्टेंबर 1965 रोजी सँडी कोफॅक्सने प्रतिस्पर्ध्यांचे 27 च्या 27 फलंदाज, एकालाही पहिल्या तळापर्यंत पोहोचू न देता बाद केले. शेवटच्या डावात स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगत राहिले. पुढे ध्वनिमुद्रण ऐकताना खेळाडूला तो क्षण जसाच्या तसा सापडावा म्हणून. शेवटचा बळी गेला, तेव्हा ते थांबले आणि प्रेक्षकांची गर्जना वाहू दिली. मग वेळ सांगितली : 9 वाजून 46 मिनिटे.

8 एप्रिल 1974 रोजी अटलांटात हँक ॲरनने 715 वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. एका काळ्या खेळाडूने गोऱ्याचा विक्रम मोडू नये, म्हणून ॲरनला धमक्यांची पत्रे येत होती. चेंडू कुंपणापार गेला आणि स्कली मागे जाऊन पाणी प्यायले. बराच वेळ फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. नंतर ते बोलले, ते धावसंख्येबद्दल नव्हते : अमेरिकेच्या दक्षिणेत लोक एका काळ्या माणसासाठी उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, ही केवढी मोठी गोष्ट!

रेडिओखाली झोपणाऱ्या मुलाने गर्जना ऐकली होती. म्हाताऱ्या स्कलींनी ती कधी झाकली नाही. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला गप्प राहणे सर्वांत अवघड.

त्यांनी शेवटचा सामना सांगितला तो 2 ऑक्टोबर 2016 रोजी, लाँड्रीच्या काचेवरच्या त्या धावफलकाला बरोबर 80 वर्षे झाली त्या दिवशी, आणि तोही जायंट्सच्याच मैदानावर. 2 ऑगस्ट 2022 रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

आपल्या गुरुजनांनी लाल शाईने तपासलेल्या त्या वह्या आज कुठे असतील कोण जाणे. पण मुलांनो, नीट विचार करून लिहा, असे ते म्हणत, ते उगाच नव्हते.